चौऱ्याण्णव सालची यादी

पांडेसरा, सुरत
२८ डिसेंबर १९९४

प्रिय वाल्मिक,

यंदाची यादी मी एकट्यानेच करायला घेतली आहे. तीन वर्षं डिसेंबरच्या शेवटच्या सुट्टीला आपण खोलीच्या दारात बसून ती करत आलो. पाच सिनेमे, पाच गाणी, आणि प्रत्येक नंबरावर भांडण. यंदा तू गावी, मी इथे, म्हणून भांडायला कोणी नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा बसतो आहे. दोन ओळी लिहितो, उठतो, स्टोव्ह पेटवतो, चहा न ठेवताच विझवतो आणि परत येऊन बसतो. मिलमध्येही हल्ली हेच चाललंय. फोल्डिंगला उभा असतो आणि कापडाचे ताके मोजता मोजता आकडा हरवतो. मुकादम विचारतो, लक्ष कुठे आहे. मी म्हणतो, इथेच.

गाणी हे तुझं खातं, म्हणून आधी गाणी. पहिल्या नंबरावर निंबाने न सांगता भरलेलं गाणं. आठवतं ना? फेब्रुवारीत आपण निंबाच्या कॅसेटच्या दुकानात कोरी कॅसेट आणि बारा गाण्यांची चिठ्ठी दिली होती. बारा गाणी भरूनही टेप उरली, म्हणून त्याने मनानेच शेवटी एक गुजराती गरबा टाकला. तू चिडून परत करायला निघाला होतास. रस्त्यात एका टपरीवर थांबून पुन्हा ऐकलास आणि तसाच मागे आलास. मग मार्चभर आपण ती बारा गाणी पुढे ढकलून तेवढा गरबाच वाजवायचो. शेजारच्या सरलाबाई भिंतीवर लाटणं आपटायच्या, आणि एक दिवस स्वतःच विचारत आल्या, ते टाळ्यांचं गाणं लाव ना रे. गरब्यातली ती बाई कोण, हे निंबालाही ठाऊक नव्हतं. आवाज जरा बसलेला, पण शेवटच्या ओळीला अशी वर जायची की तू हातातलं काम सोडून द्यायचास.

दुसरं, तू मशीनवर शिट्टीने वाजवायचास ते. रंगाच्या मशीनची एवढी घरघर, वाफ, आणि त्यात तुझी शिट्टी. तिसरं आपलं अहिराणी लग्नगीत, नंदुरबारच्या फलाटावर घेतलेल्या कॅसेटमधलं. चौथं आणि पाचवं मला ठरवता येत नाही. खरं सांगायचं तर सप्टेंबरनंतर मी टेप लावलाच नाही. तुझा टेप तिथेच फळीवर आहे, कापड टाकून ठेवलाय.

आता सिनेमे. नावं आपण कधी लक्षात ठेवली नाहीत. तू प्रत्येकाला आपलं नाव द्यायचास, तीच लिहितो. 'पोलिसाच्या आईचा' पहिला, त्यात मी रडलो होतो आणि तू गावी सगळ्यांना सांगितलंस. मग 'दोन मिशांचा'. मग उधन्याच्या थेटरात पंखा बंद असताना पाहिलेला 'ट्रकवाल्याचा'. उकाड्याने अर्धे लोक शर्ट काढून बसले होते, हिरॉइन बर्फात नाचत होती, आणि तू मोठ्याने म्हणालास, "तिला इकडे बोलवा." सगळं थेटर हसलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आपला जोडीदार हा, असं. गाव सोडल्यापासून मी इतक्या माणसांत राहिलो, पण कोणाबरोबर बाहेर पडताना घरच्यासारखं वाटलं ते तुझ्याबरोबरच. चौथा मुद्दाम लिहीत नाही, त्यावर तुझं माझं जमलंच नव्हतं.

पाचवा अर्धाच पाहिलेला. बुधवार होता, गणपती बुडवून दोन-तीन दिवस झालेले. पूर ओसरला होता, गल्लीत चिखलाचा वास होता. रांगेतच तू शर्टाचं वरचं बटण लावलंस. भर उन्हात. आत बसल्यावर तुझ्या गुडघ्याचं हाड माझ्या गुडघ्याला लागत होतं, आणि ते थरथरत होतं. मध्यंतरात तू म्हणालास, चल, बरं वाटत नाही. मी कुरकुरलो. पुढचं बघायचं होतं मला. त्या बायकोला नवरा ओळखतो की नाही, एवढ्यासाठी.

त्यानंतरचे दोन दिवस तुला सांगायला नकोत, असं मी इतके दिवस समजत होतो. तुला ताप होता, तुला फारसं आठवत नसणार. शहरात प्लेगचा रोग आलाय हे गुरुवारी कळलं. शुक्रवारी सकाळी मी गोळ्या आणायला निघालो, हे खरं आहे. चार दुकानं फिरलो, गोळ्या संपलेल्या, दोन दुकानं तर बंदच. लोक तोंडाला रुमाल बांधून गाठोडी घेऊन उधना स्टेशनकडे चालले होते. कोणी म्हणे पाण्यात विष आहे, कोणी म्हणे शेजारच्या वस्तीत वीस माणसं गेली. मी परत आलो तेव्हा आपल्या चाळीतल्या नऊ खोल्यांना कुलपं होती.

मग मी गावी गेलो. सगळ्यांना सांगितलं की मी निघालो तेव्हा वाल्मिक पाळीवर होता, मला वाटलं तो मिलच्या माणसांबरोबर येईल. माझ्या आईला हेच सांगितलं. तुझ्या मोठ्या भावालाही फाट्यावर भेटून हेच सांगितलं. मग तो एकटा सुरतेला आला आणि तुला दवाखान्यात शोधलं.

तू पाळीवर नव्हतास. तू खाटेवर होतास आणि मी तुझ्या कपाळाला हात लावला होता. हात भाजला. मी तो शर्टाला पुसला, वाल्मिक. मग पिशवी भरली. तुझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, दूर उभा राहून, हात लांब करून. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "गज्या, कोठे चालना?" मी म्हणालो, "आतेच येस." आणि दार ओढून घेतलं. स्टेशनपर्यंत मी एकदाही थांबलो नाही. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी मला जागा मिळाली.

आत्ताच येतो म्हणालो आणि एकवीस दिवसांनी आलो. तोवर तुला गावी नेलं होतं, आणि तो साधा हिवताप होता हेही कळलं. साधा आहे हे आधी कळलं असतं तर मी राहिलो असतो का, हा प्रश्नच नाही. साधा आहे की नाही हे न बघताच मी गेलो. सरलाबाई आणि त्यांचे यजमान दगाभाऊ त्या दिवशी गेले नव्हते. संध्याकाळी तुझं कण्हणं ऐकून त्यांनी दार ढकललं आणि हातगाडीवर घालून तुला दवाखान्यात नेलं. मी आल्यावर त्या नेहमीसारख्याच वागल्या. महिनाभराने मीच विचारलं, तुम्ही त्याला काय सांगितलं? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझा जोडीदार मला सांगून गेला, असं म्हटलं. एवढ्या तापातल्या पोराला दुसरं काय सांगायचं?"

परवा तुझं कार्ड आलं, म्हणून हे सगळं लिहितो आहे. तू लिहिलंस की संक्रांतीनंतर येतोस, राहीन तर गजेंद्राबरोबरच, जागा दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. आणि लिहिलंस की गज्याने सरलाबाईंना निरोप दिला म्हणून पोरगा वाचला, असं म्हणून तुझी आई दर सोमवारी महादेवाला माझ्या नावाने दिवा लावते. मी ते कार्ड हातात घेऊन उभा होतो आणि मला खोलीत बसवेना. तू इथे येऊन, या खाटेवर बसून, हसून बोलायला लागलास की मग माझ्याने हे कधीच सांगवणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो. म्हणून तू निघायच्या आत हे तुला मिळायला हवं. इच्छापोरला एका कारखान्यात ठेक्याचं काम आहे, राहायची सोयही आहे. तू नको म्हणालास तर मी तिकडे जाईन, ही खोली तुझी. ये म्हणालास तर इथेच थांबेन. तुझ्या आईला वाचता येत नाही. हे पत्र तिला वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. आणि तिला सांग, दिवा लावायचा तर सरलाबाईंच्या नावाने लाव.

तुझाच (हा शब्द तू खोडलास तरी चालेल),
गजेंद्र