पिंकीच्या गोळीला खाडा नको

मी, अलकनंदा केशव राजोपाध्ये, वय चौसष्ट, निवृत्त लघुलेखिका, राहणार द्वारका, नवी दिल्ली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. मला बाराव्या वर्षापासून फेफरे येते. याच मुद्द्यावर माझे थोरले बंधू विनायक हे मृत्युपत्र वेडीचे ठरवायला कोर्टात जातील, म्हणून डॉ. सुनीती कानिटकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. बंधूंच्या शहाणपणाचा दाखला कोणी देईल असे वाटत नाही.

१. त्या शहाणपणाचा नमुना: १९८० साली माझ्या लग्नाआधी पंधरा दिवस विनायकदादाने माझ्या गोळ्या बंद केल्या. बाटली सामानात सापडली तर सासरचे काय म्हणतील, ही चिंता. बाटली सापडली नाही. सत्यनारायणाच्या पूजेत मीच चौरंगावर कोसळले. तेव्हाच्या कायद्यात वेड आणि फेफरे शेजारी शेजारी बसलेले होते, त्यामुळे लग्न रद्द व्हायला अडचण आली नाही. १९९९ साली कायदा सुधारला. दादा अजून सांगतो, "आमच्या अलकाला जरा चक्कर येते."

२. दादाने वेळोवेळी आणलेले सात ताईत दादालाच परत. आईच्या पाटल्याही त्याला, पण एका अटीवर. माझ्या तेराव्याला जमलेल्या मंडळींसमोर त्याने "अलकाला फेफरे यायचे" एवढे मोठ्याने म्हणावे. न जमल्यास पाटल्या कलम ३ मधल्या पिंकीला. पिंकीने मनगटाचे माप आत्ताच देऊन ठेवायला हरकत नाही.

३. पिंकी ही माझ्याकडे स्वयंपाक करणाऱ्या रामरतीची मुलगी, वय एकोणीस. तिलाही फेफरे येते. गावच्या ओझाने, म्हणजे मांत्रिकाने, मिरच्यांची धुरी दिली. इथल्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीने सहा महिने "अगले हफ्ते आना" दिले. गुण दोन्हींचा सारखाच. माझ्या गच्चीवरून दर दोन मिनिटांनी विमान जाते, पण पेढ्याहून स्वस्त गोळी त्या खिडकीपर्यंत पोचत नाही. मला सरकारी नोकरीच्या आरोग्य कार्डावर चाळीस वर्षे मिळाली. तिच्याकडे कार्ड नाही. आता तिची गोळी मी विकत आणते, माझ्या कपाटात ठेवते, आणि रोज रात्री आठला ती माझ्यासमोर घेते. दीड वर्षात एकदाही झटका नाही.

४. मागच्या महिन्यात रामरती म्हणाली, "दीदी, लड़के वाले देखने आ रहे हैं. शादी तक दवाई बंद कर दें?" मी तिला चौरंगापर्यंतची सगळी हकीकत सांगितली. ती रडली आणि म्हणाली, "पर बता देंगे तो ले कौन जाएगा?" मला तरी सांगून-सवरून कोणी नेले असते का, ठाऊक नाही.

५. म्हणून द्वारकेचा फ्लॅट पिंकीच्या हयातीत विकू नये. भाड्यातून तिची गोळी आणि तपासणी चालावी, लग्न होवो, न होवो, की मोडो. तिच्यामागे फ्लॅट तिच्या मुलांचा; मुले नसल्यास अशाच रुग्णांच्या औषधासाठी. व्यवस्था माझे जुने सहकारी बळवंत चिपळूणकर पाहतील. त्यांनी तीस वर्षांत एकही फाइल हरवली नाही. सरकारी नोकरीत हे व्यंगच समजत.

६. मी जाईन त्या दिवशी घरात चूल पेटणार नाही, रामरती रडत बसेल आणि आठ कधी वाजले ते कोणाला कळणार नाही. तसे होऊ देऊ नये. मला कपाटासमोरच निजवले असेल तर पिंकीने मला ओलांडून जावे आणि गोळी घ्यावी. शास्त्र विचारणाऱ्याला सांगावे, बाईंनी लिहून ठेवले आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोघांच्या देखत सही केली.

अलकनंदा केशव राजोपाध्ये

साक्षीदार:
१. डॉ. सुनीती कानिटकर
२. उल्हास देवस्थळी, शेजारी

द्वारका, नवी दिल्ली
११ फेब्रुवारी २०१९