उतार नाय

प्रिय केयूर,

अक्षर ओळखशील. चारकोपच्या गाळ्यात तुझ्या कयाक-होड्यांवर नावं रंगवणारा हात हाच. तुझी एक निळी होडी अजून तिथे उलटी पडली आहे. मालक म्हणतात, तोडून टाक. मला तोडवत नाही, आणि बघवतही नाही.

दिंडोशीच्या कोर्टात तुझ्या वकिलाने दिलेलं उत्तर जानकीला मिळालं. नवरा गेल्यावर तिने तुझ्यावर दावा लावला, त्यावर तुझं म्हणणं एवढंच, की लवूने सकाळी फोनवर 'आज उतार नाय' असं सांगितलं. तू पडलास बोरिवलीचा, तुला वाटलं नदीला उतार नाही म्हणजे पाणी सपाट, संथ. गैरसमज झाला म्हणे. म्हणजे सगळा दोष माझ्या मेलेल्या भावाच्या जिभेचा. मीच तिला वाचून दाखवलं. ती पदराने चष्मा पुसत राहिली.

शब्द बरा शोधलास रे. पण तो तुला शिकवला कोणी? पहिल्यांदा गावी आलास, तेव्हा लवूनेच तुला काठावर उभं केलं होतं. नदीमधला म्हसदगड, म्हशीसारखा तो खडक, खांद्यापर्यंत उघडा असेल तर पाणी कमी, होडी खडकाला घासणार. नुसती पाठ दिसतेय, भोवती पांढरा फेस उसळतोय, तर तुमच्या खेळाला झकास. आणि पाठही बुडाली की उतार नाय, पूर ओसरलेला नाही. तेव्हा पाणी वरून गुळगुळीत दिसतं, पण दगडामागे उलटं फिरतं आणि माणसाला धरून ठेवतं. त्याच वर्षी गणपतीत तू आमच्याकडे पानावर बसला होतास. रुक्मिणी पुन्हा मोदक वाढायला आली, तर पोटावर हात ठेवून म्हणालास, "थांबा वहिनी, अजून उतार नाय!" लवूला हसून हसून ठसका लागला. हे मी न्यायाधीशांना सांगणार आहे. रुक्मिणीही सांगेल.

धरणाचे दरवाजे उघडलेत हे तुला त्या दिवशी कळलं होतं. पण मुंबईहून आणलेली क्लबची मंडळी नुसती पोहे खाऊन परत कशी पाठवायची! होड्या पाण्यात दिसल्या तसा लवू शेतातून धावत आला. तुमच्यातल्या प्रांजलची होडी उलटली, तिला त्याने काठाला लावलं. पोरगी जगली, देव तिला उदंड आयुष्य देवो. त्याला मात्र दगडाने सोडलं नाही. तू वल्हं हातात घेऊन उभा होतास. आणि स्मशानात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "अंबादास, मी आहे ना."

आहेसच. म्हणून तर झोप लागत नाही. जप करायला बसलो की माळेवर तुझंच नाव येतं. नुसता तुझा क्लब बंद पडून माझं समाधान होणार नाही. तू खोटारडा आहेस हे भर कोर्टात सिद्ध व्हावं, आणि तुझ्या आईने ते कानांनी ऐकावं.

तुझ्या आई, मृणालिनीकाकू, आल्या होत्या. रडल्या. म्हणाल्या, तुम्ही देवाचे माणूस, देवालाच विचारा. मी गावी जाऊन कौल लावला. साक्ष देऊ का, म्हणून विचारलं. गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या. डावी पडली. म्हणजे नको. ही बातमी गावातून तुझ्यापर्यंत पोचली आणि काल तुझा निरोप आला, 'देवाचा शब्द मानलात, उपकार झाले.' म्हणून हे लिहायला बसलो. आमच्या घराने आजवर कौल मोडलेला नाही. वडिलांनी ठरलेलं लग्न मोडलं, पण कौल नाही. मी मोडणार आहे. त्याची जी शिक्षा असेल ती देव मला देईल, मी घेईन. तू फक्त पुढच्या बाकावर बस. मी बोलत असताना मला तुझं तोंड दिसलं पाहिजे.

तोवर तुझाच,
अंबादास