चार नंबरच्या मशीनवरची चिकटपट्टी

रहाटणी, शनिवार, १३ जून

तीर्थरूप बाबा,
तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मागच्या पत्रात मी एक चुकीचं लिहिलं. चाकणच्या कारखान्यात दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस मशीन चालत नाही, त्यामुळे हात आत सापडत नाही, काळजी नको, असं. पण चार नंबरच्या मशीनचं एक बटण चिकटपट्टीने कायम दाबून ठेवलंय. एक हात मोकळा राहतो, माल भराभर निघतो.

काल त्या मशीनवरच्या सुमनताईंनी डबा खाताना डावा हात दाखवला. दोन बोटं नाहीत. "शिकलेली ना तू? आठ दिस माझ्या मागं घड्याळ घेऊन उभी व्हतीस, पट्टी न्हाई दिसली?"

नाही दिसली, बाबा. मी तेच मशीन सगळ्यात वेगवान म्हणून वेळ मोजून केलेल्या माझ्या तक्त्यात दाखवलं. त्यावरून साहेबांनी बाकीची अकराही मंगळवारपासून तशीच चालवायची ठरवलीत.

मी वेळेवर जेवते, खोलीत दिव्या सोबत असते. आईचा गुडघा कसा आहे?

वहीत गणित चुकलं तर तुम्ही खोडू द्यायचा नाहीत, रेघ मारून शेजारी बरोबर लिहायला लावायचात. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र कदाचित मिळणार नाही. सोमवारी, १५ जूनला, पहिली शिफ्ट लागायच्या आधी मी साहेबांसमोर त्या तक्त्यावर रेघ मारणार आहे.

तुमची,
अनघा