उजवीकडून की डावीकडून

३ मार्च
गाठ मेंदूच्या अगदी मधोमध! सुपारीएवढी. डॉक्टर म्हणाले, "तिथवर सरळ वाट नाही." मेंदूच्या दोन अर्ध्यांमधल्या फटीतून वरून उतरायचं, एक अर्धा भाग हलकेच बाजूला सारून. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला. नवऱ्याला मात्र तिथेही गप्प बसवेना. रेडिओवर सामन्यांचं वर्णन करणारा माणूस! "आणि डॉक्टर चेंडू घेऊन निघालेत..." सासूबाई रडता रडता हसल्या.

४ मार्च
फॉर्म भरला. पेशंट उजव्या हाताचा की डावखुरा? "उजव्या"वर खूण केली. बारा वर्षं बघतेय, लिहितो जेवतो उजव्यानेच. अशा माणसाचं बोलणं बहुतेक डाव्या अर्ध्यात असतं, म्हणून उजवीकडून शिरणार. बोलण्याला धक्का लागायला नको, बाकी काहीही सोसेन. याचं बोलणं गेलं तर उरलं काय?
सासूबाई शेजारीच होत्या. जपमाळ ओढत.

६ मार्च
सकाळी सिस्टरनी उजव्या बाजूचे केस काढले. सासूबाईंनी विचारलं, "उजवीकडूनच का हो?" सिस्टरनी कारण सांगितलं. तर या शांतपणे म्हणतात, "पण तो मूळचा डावखुरा. लहानपणी मीच डाव्या हाताला मोजा बांधून ठेवायचे. शाळेत हसतील म्हणून."
मोजा!!
स्ट्रेचरमागे धावले. एक चप्पल कुठे राहिली देव जाणे. ऑपरेशन थांबवलं.
"आई, परवाच का नाही बोललात?" चारचौघांत ओरडले मी.
"मला कुणी विचारलं का गं?"
खरंच नव्हतं विचारलं. त्याला स्वतःलाही आठवत नाही.

८ मार्च
मशीनमध्ये झोपवून त्याच्याकडून शब्द म्हणवून घेतले. बोलणं उजवीकडेच निघालं — उजवीकडेच! आता डावीकडून जाणार. सासूबाईंच्या पाया पडू की भांडू, कळेना.

११ मार्च
सात तास. गाठ सगळी निघाली.

१२ मार्च
बोलला! स्वच्छ, खणखणीत. "ऑपरेशन कधी आहे माझं?" झालं की रे, म्हटलं. हसला, माझा हात दाबला, पाणी प्यायला. गुंगी असेल, थोड्या वेळाने परत तेच विचारलं.

१४ मार्च
दाराशी उभं राहून डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बोलणं वाचलं. पण गाठ आठवणींच्या धाग्यांना चिकटलेली होती. नवीन काही लक्षात राहील का, आज नाही सांगता येत." पहाटेपासून मी त्याच्या उशाशीच होते. वळले.
"अगं! तू कधी आलीस?"