टेकाडाची माती

४ नोव्हेंबर १९९४
आखातात, मुलाकडे हमद टाउनला सुखरूप पोहोचले. हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाले, पण गप्प बसायची सवय अजून लागलेली नाही. मुलगा प्रबुद्ध म्हणाला, आई, इथे फक्त आराम कर. नात श्रावस्ती सहा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. घरामागे पालथ्या टोपल्यांसारखी टेकाडं आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या कबरी म्हणे. शेजार शांत आहे, तक्रार नाही.

११ नोव्हेंबर
अंगणातल्या वाळूत मेथी उगवेना, म्हणून टेकाड उकरून घमेल्याने माती आणली. शेजारची खदिजा भिंतीवरून मोडक्या हिंदीत ओरडली, वो मिट्टी नहीं, आदमी है, वापस डालो! मी सुनावलं, प्रत्येक माती कधीतरी कुणीतरी असतेच. आमच्यात जाळतात, धूर करतात. त्यापेक्षा माणसाने निमूट खत व्हावं हे स्वच्छ. जंतू? तेही कधीच मेले. सून मनालीने कपाळाला हात लावला.

२ डिसेंबर
मेथी गुडघ्याला लागली! माझे गुडघेही कुरकुरत नाहीत. पालेभाजीला नाक मुरडणारी श्रावस्ती वाफ्यात उभी राहून कच्ची खाते. सगळ्यांत जास्त मात्र मीच खाल्ली.

९ डिसेंबर
श्रावस्ती उजव्या कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन झोपते. खदिजा बघून पांढरी पडली. टेकाडातल्यांना असंच ठेवलेलं असतं, म्हणाली. मी तिला अडाणी म्हटलं. पण पोरीचे पाय सरळ होईनात. वॉर्डात मेलेल्या कितीजणांचे पाय माझ्या हातांनी सरळ केले असतील!

१२ डिसेंबर
डॉक्टर म्हणतात, रक्त उत्तम. मग अंग गार का? दातांत माती का? झोपेत पुटपुटते, मूव्ह ओव्हर, मूव्ह ओव्हर. कुणाला?

१४ डिसेंबर
मेथी उपटली. सगळी माती परत नेली. घमेल्याचा दुसरा कान खदिजाने धरला. एकदाही टोमणा मारला नाही, त्याचीच भीती वाटली. खड्डा भरला नाही. जे खाल्लं, ते घमेल्यात कुठून येणार—

१५ डिसेंबर
श्रावस्तीचे गुडघे हनुवटीला. श्वास बारीक. टेकाडावर जाऊन ठणकावलं, पोरीला काय कळतंय? उकरलं मी. जास्त खाल्लं मी. हिंमत असेल तर म्हातारीशी भांडा—

१६ डिसेंबर
श्रावस्तीचे पाय मोकळे झाले! टोस्ट मागितला, चक्क मराठीत.
माझे गुडघे— वर येताहेत. येऊ देत. पण त्यांच्यासारखी मुटकुळी होणार नाही. कॉन्व्हेंटात नन्सनी पट्टी मारून ताठ बसवलंय मला. प्रबुद्ध गुडघे दाबतोय, रडतोय. सोड म्हटलं—
कुशीवर ओढताहेत. उजव्या. नाही वळणार. ऐकलंत? उताणी, सरळ, पाय ता—