मागच्या बाकावरचा शेरा

दि. ९ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

चौदा वर्षांनी आलेले तुझे पाच ओळींचे पत्र पोचले. शुद्धलेखनाची चूक एकही नाही, समाधान वाटले. माझी प्रकृती बरी आहे. गुडघे तक्रार करतात, पण लेखी नाही. घरात बोलायला कोणी नसल्यामुळे हल्ली वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने दुरुस्त करतो. तुझी आई म्हणायची, "घरातही शेऱ्यांचं लॉगबुक ठेवा. भाजीखाली सही करीन मी." आता भाजीही मीच करतो, आणि शेरा द्यावा अशी ती नसते.

तुला पुन्हा शाळेत शिकवायला बोलावले आहे आणि तू नकार कळवणार आहेस. कारण एका वाक्यात दिले आहेस : "वर्ग मला सांभाळता येत नाही, हे तुम्हीच लिहून ठेवलंय."

होय, लिहिले. पर्यवेक्षक या नात्याने तुझा आठवीचा तास पाहिला आणि लॉगबुकात शेरा दिला : "वर्गावर नियंत्रण नाही." नियमाप्रमाणे तू खाली सही केलीस. मान वर केली नाहीस. महिन्याभराने शाळा सोडलीस; मग घरही.

गेल्या आठवड्यात त्या वर्गातली तुझी एक विद्यार्थिनी भेटायला आली. आता तीही शिक्षिका आहे. म्हणाली, "सर, गोंधळ कसला? बाईंना प्रश्न विचारायला अर्धा वर्ग उभा होता. तुम्ही तर खिडकीबाहेर बघत होतात!"

तिला चहा दिला. उत्तर तुला देतो.

तो शेरा मी आदल्या दिवशीच लिहिला होता. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज होती : "लेकीला काय, उत्तमच मिळणार." माझ्या निःपक्षपातीपणाला डाग नको, म्हणून तासाआधीच निकाल लावून मोकळा झालो. खिडकीबाहेर पाहिले, कारण तुझ्याकडे पाहिले असते तर शेरा खोडावा लागला असता. माझ्या लॉगबुकात खाडाखोड नसे, याचा मला अभिमान होता.

कान मात्र मिटता आले नाहीत. तू ओला रुमाल वाळत घातला होतास. कोणीतरी विचारले, "पाणी गेलं कुठं, बाई?" तू म्हणालीस, "शोधा. मी थांबते." आणि खरेच थांबलीस. तीस वर्षांच्या नोकरीत मला तसे थांबता आले नाही.

नकार कळवू नकोस.

खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. माझ्यावरचा शेरा तू लिही, कडक लिही. सही मी आधीच केली आहे.

 

 

वाचले. मान्य.
तुझा,
बाबा