बरोबरीत सुटलेली कुस्ती

पोलीस प्रशिक्षण केंद्र,
२८ डिसेंबर २०२५

ती. स्व. तात्यांस,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला दोनच शब्द येतात, हं आणि बरं. त्यात इथं फोन जमा असतो. रविवारी दुपारी अर्धा तास मिळतो, तो काकूच्या प्रश्नांत संपतो. जेवतेस का, पांघरूण पुरतं का, केस गळतात का. म्हणून तुम्हाला कागदावर गाठते आहे.

परवा लाठीच्या तासाला उस्तादांनी माझ्यासमोर एकामागून एक तिघी उभ्या केल्या. तिघींच्या लाठ्या खाली पडल्या, पण मी कुणाला लागू दिलं नाही. कुणाकडून शिकलीस म्हणून उस्तादांनी विचारलं. चकलांब्याचे माझे चुलते, मेंढरं राखतात, असं सांगितलं तर हसले. मग स्वतः माझ्यासमोर उभे राहिले आणि नंतर हसले नाहीत. एक खोड मात्र काढलीच. मारायच्या वेळी माझा हात अर्ध्यात थांबतो म्हणे. वडील गेल्यापासून तुम्हीच वाढवलंत, तेव्हा ही खोडही तुमच्याच नावावर.

शेजारच्या खाटेवर गेवराईची मनकर्णा आहे. तिचा भाऊ हरिओम दर रविवारी सकाळी फाटकावर भेटायला येतो आणि आम्हा सगळ्यांचा चिवडा आणतो. त्यामुळे वजन वाढलंय, काळजी नसावी.

लोभ आहेच, त्यात तूट येऊ देऊ नये.
आपली,
रोहिणी

चकलांबा,
२ जानेवारी २०२६

चि. रोहिणीस,
तात्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोहोचलं. लाठी फिरवायला तू आठ दिवसांत शिकली होतीस, थांबवायला चार वर्षं लागली. हे उस्तादांना सांगू नकोस, ते मोठे आहेत.

इकडे सर्व ठीक. अकरा कोकरं झाली. त्यातलं एक पांढरं तुझ्या काकूच्या मागेमागे घरात येतं, आणि ती त्याला शिव्या देत चारते. विजयसिंहरावांच्या हरभऱ्यात आपली दोन-चार मेंढरं शिरली होती. राव जरा बोलले. मोठ्या रानाचा माणूस, बोलणारच. तालमीत पोरसवदा असताना त्यांना पहिले डाव मीच शिकवले, त्यामुळे त्यांचा आवाज मला नवा नाही. मिटेल.

अभ्यास कर. मायेनं आठवण ठेवावी.
तुझा,
तात्या (धुळाजी)

(याच पाकिटात)

रोहिणी बाळा, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय म्हणून ही चिठ्ठी आत सारते. यांना कळू देऊ नकोस.

दोन-चार न्हाई, अख्खा कळप शिरलता. हे बांधावर बसून तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचत होते, तेवढ्यात अर्धा एकर हरभरा फस्त. राव चार गडी घेऊन आले आणि सगळ्यांदेखत यांच्या कानाखाली मारली. हे हात मागं बांधून उभे! ज्या माणसानं एकट्यानं तिघांना लोळवलंय तो! वर रावांनी सांगितलंय की अमावस्येपर्यंत मेंढरं शिवेबाहेर न्या, न्हाई तर ती हुसकून लावू. अमावस्या अठराला. नवीन कोकरं घेऊन कुठं जायचं गं? सांगितल्याशिवाय राहवलं न्हाई.
तुझी काकू

पोलीस प्रशिक्षण केंद्र,
८ जानेवारी २०२६

ती. स्व. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

मला सगळं कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नका आणि काकूवर रागावू नका.

ज्या पत्रापायी हे झालं ते माझं होतं, हे मला सारखं टोचतंय. मी रजा मागितली, मिळाली नाही. अठरा तारखेच्या रविवारी सकाळी बाजारहाटासाठी आम्हाला दोन तास सोडतात. मी त्या दोन तासांत गेवराईची गाडी धरणार. जी परत येत नाही तिचं नाव दुसऱ्या दिवशी कमी होतं. होऊ दे. मार्चमध्ये मिळणाऱ्या वर्दीसाठी मी तुम्हाला मार खाऊ द्यायचा का? विजयसिंहराव आणि त्यांचे चार गडी, पाचही जण मला एकटीला पुरे. या वेळी हात अर्ध्यात थांबणार नाही.

तुम्ही का गप्प बसलात, तात्या? मला त्याचाच राग जास्त आला आहे.

रागात लिहिलंय, तरी लोभ तोच.
रोहिणी

चकलांबा,
१२ जानेवारी २०२६

चि. रोहिणीस,
आशीर्वाद.

येऊ नकोस. शनिवारच्या आत मिटवतो.

का गप्प बसलो ते लिहितो. तुझ्या जन्माच्या आधी दिंद्रुडच्या बाजारात एकानं मला आईवरून शिवी दिली. मी त्याच्या खांद्यावर एकच काठी हाणली. लोकांनी वाहवा केली. वर्षभरानं त्याच्या गावावरून मेंढरं नेत होतो, तर तो अंगणात मान खाली घालून बसलेला आणि त्याची बायको त्याच्या डोक्याला मुंडासं बांधत होती. त्याला तो हात वर नेता येत नव्हता. त्यानं मला ओळखलं, पाणी दिलं. ते पाणी मला गिळवेना. त्या दिवसापासून काठी फक्त मेंढरांपुढं धरतो.

रावांची थप्पड मी विसरेन. तू कुणाचा हात मोडलास तर ते तू विसरणार नाहीस. आणि तुझी वर्दी गेली तर मला त्या थपडेपेक्षा जास्त लागेल, हे नीट ध्यानात घे.

तात्या

चकलांबा,
१६ जानेवारी २०२६

चि. रोहिणीस,
काकूचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र गेवराईला नेऊन मनकर्णाच्या भावाच्या, हरिओमच्या हाती देते आहे, रविवारी सकाळी तो फाटकावर येतोच. तुझा फोन दुपारी सुटतो, तोवर तू फाटक ओलांडशील. ऑफिसात फोन करावा तर साहेबांना सगळं कळायचं. म्हणून आधी हे वाच: मिटलं. आता बस आणि पुढचं वाच.

काल संक्रांतीच्या करीला हे रावांच्या रानात गेले, मी मागोमाग. हे म्हणाले की नुकसान झालं ते कबूल, एक महिना मेंढरं तुमच्या रानात फुकट बसवतो, लेंडीखतानं पुढच्या साली दुप्पट पिकेल. गडी तयार दिसले. पण रावांचा पारा चढला. परवानगीवाचून रानात पाय का ठेवला म्हणत त्यांनी काठी उगारली.

यांनी स्वतःची काठी टाकली, खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि रावांपुढं हात केला. तालमीत सलामी देतात ना, तशी. आणि काय सांगू, रावांनी पण काठी टाकून हात पुढं केला, माती घेतली आणि यांच्या हाताला लावली! लहानपणापासूनची सवय, हात आपसूक गेला. मग दोघं एकमेकांकडं बघत उभे. रावांना आपण काय करून बसलो ते उमगेना. सलामी घेतल्यावर काठी उचलायची म्हणजे वस्तादाच्या नावाला बट्टा, आणि कुस्ती न खेळता माघारी जायचं तरी बट्टाच.

तेवढ्यात रावांच्याच गड्यांतला धर्मराज ओरडला की सलामी झडली, आता कुस्ती लावा. शेजारच्या रानातली माणसं धावली, रिंगण झालं. रावांनी सदरा काढला, पोट केवढं सुटलंय त्यांचं! यांचं मुंडासं माझ्या हातात. वीस मिनिटं दोघं झुंजले. यांना एवढी धाप लागली की मला वाटलं हे आता बसतात. तुझे तात्या म्हातारे झाले गं, पूर्वीचं बळ राहिलं न्हाई. पण पाठ काही लागू दिली न्हाई. शेवटी धर्मराजानं कुस्ती बरोबरीत सोडवली आणि दोघांचे हात वर केले.

गळाभेट झाल्यावर राव म्हणाले की मेंढरं लई चांगली हायेत, सोमवारपासून बसवा. मग मला वहिनी म्हणून पाणी मागितलं. मी तांब्या आधी यांना दिला, मग त्यांना. तेवढं तर चालतं ना?

परत जा, बाळा. हरिओमजवळ तिळाच्या पोळ्या दिल्या आहेत, मनकर्णालाही दे.
माया आहे, ती पोळ्यांसारखी वाटून संपत नाही.
काकू (ताराबाई)

चकलांबा,
२१ जानेवारी २०२६

चि. रोहिणीस,
विजयसिंहाचे अ. उ. आ.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. तू मला मारायला निघाली होतीस असं काल ताराबाईंनी माझ्याच ओसरीवर बसून, माझाच चहा पिता पिता सांगितलं. पाचही जणांना एकटी पुरेन असा हिशोब होता म्हणे. धुळाजींची शिकवण पाहता तो बरोबर असावा.

एक गोष्ट गावात कुणाला ठाऊक नाही, ती तुला सांगायला हवी. त्या दिवशी त्यांनी तीन वेळा माझी पकड घेतली. तिसऱ्यांदा माझे दोन्ही पाय जमिनीवर नव्हते. तिन्ही वेळा त्यांनी मला असं सोडलं की पाहणाऱ्याला मीच निसटलो वाटावं. धाप मला लागली होती, पण तोंडानं मोठा आवाज ते करत होते. सुटताना माझ्या कानाशी म्हणाले की राव, मान वर ठेवा, माणसं बघतायत.

माझ्याच गड्यांसमोर मी चीत झालो असतो तर मला मेंढरं गावात ठेवता आली नसती, इतका माझा ताठा मला ठाऊक आहे. तो त्यांनाही ठाऊक होता. ज्या माणसाला मी थप्पड मारली त्यानं माझी अब्रू सांभाळली. त्यांच्या पाया पडलो, तर ते म्हणाले की हरभरा चांगला होता, मेंढरांची चूक न्हाई.

माझी मुलगी संस्कृती तुझ्या हाताखाली लाठी शिकू म्हणते. मार्चमध्ये वर्दी घालून ये, तेव्हा तिला पहिला धडा दे. माझ्यावर राग असेल तर असू दे, तो मी मिळवलेला आहे.

आपला,
विजयसिंह

पोलीस प्रशिक्षण केंद्र,
२५ जानेवारी २०२६

ती. स्व. तात्यांस,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी मी खांद्याला पिशवी लावून फाटकात उभी होते, तेव्हा हरिओमनं काकूचं पत्र दिलं. तुम्ही हरलात असं त्यात असतं तर मी भांडायला आले असते. जिंकलात असं असतं तर राव सूड घेतील म्हणून राखण करायला आले असते. बरोबरीत सुटली म्हटल्यावर गाडी धरायला कारणच उरलं नाही. पोळ्या घेऊन आत गेले.

काल विजयसिंहरावांचं पत्र आलं. तात्या, तुमचा मला इतका अभिमान वाटला की वाचता वाचता रडू फुटलं. मनकर्णानं दहा वेळा विचारलं काय झालं म्हणून. बीड जिल्ह्यातली सगळ्यात मोठी कुस्ती माझ्या चुलत्यांनी मारली, हे ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर ती निकाली झाली असती. म्हणून बरोबरीत सुटली एवढंच सांगितलं आणि पत्र पेटीच्या तळाशी ठेवलं.

काकूलाही सांगणार नाही. ती तुम्हाला म्हातारे म्हणते तेवढं सोसा.

मार्चला येतेच आहे. तोवर माझ्यावरची माया आहे तिथंच धरून ठेवा.
आपली,
रोहिणी